मिशी ठेवायला हवी होती

ज्यांच्या हातात नुकतीच हॉस्पिटलची ती फाइल आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. धीर वगैरे देण्याचा माझा विचार नाही. मला धीर द्यायला जे जे आले, त्यांनी मला औषधांपेक्षा जास्त दमवलं. मी नेरूळमधल्या एका मराठी शाळेत गणित शिकवतो. साडेतीन-चार वर्षांपूर्वी काही महिने डोक्यावर एकही केस नसताना शिकवत होतो, आणि त्या काळात मी एक मोठी चूक केली. ती तुम्ही करू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. औषधांची नावं विचारू नका. मला ती आठवत नाहीत, आणि आठवायचीही नाहीत.

गाठ

दाढी करताना मानेला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी स्वतःला दोन महिने समजावलं. सहामाहीचे पेपर काढायचे होते, मग तपासायचे होते. शेवटी नलिनीने, माझ्या बायकोने, मला सोसायटीसमोरच्या डॉक्टरांकडे जवळजवळ ओढत नेलं. त्यांनी गाठ दाबून पाहिली आणि एकदम फार गोड बोलायला लागले. तेव्हाच मी ओळखलं.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गाठीचा तुकडा काढला. आठ दिवसांनी रिपोर्ट सांगायला बसलेली डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. ती सांगत होती, मी मान हलवत होतो. मधेच लक्षात आलं की आपल्याला काहीच कळत नाहीये. वर्गात मुलं अशीच मान हलवतात. मी म्हणालो, "पुन्हा एकदा सांगा, सावकाश." तिने न कंटाळता पुन्हा सांगितलं. लसिकाग्रंथींचा कॅन्सर आहे, यातले बरेच जण बरे होतात, तीन तीन आठवड्यांनी सहा वेळा औषध द्यावं लागेल, केस जातील. नलिनीने बहुतेक शेवटचं तेवढंच ऐकलं. "केसांचं काय, येतील परत," ती म्हणाली, आणि माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

परत येताना बस वाशीच्या पुलावर आली तेव्हा तिने विचारलं, "अप्पांना कधी कळवायचं?"

मी म्हणालो, "नाही कळवायचं."

अप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन, आई गेल्यापासून, संगमेश्वराकडच्या आमच्या गावी एकटेच राहत होते, पंच्याहत्तरीला आलेले. माझा थोरला भाऊ वसंता कॉलेजात असताना तापाने गेला. त्याला अग्नी अप्पांनी दिला. मी चौदा वर्षांचा होतो. स्मशानातून आल्यावर अप्पा ओटीवर बसले आणि म्हणाले, "हे उलटं झालं." त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

मरणाची भीती मला वाटत होतीच, ती कोणाला वाटत नाही? पण त्याहून मोठी भीती ही होती, की अप्पांना हे दुसऱ्यांदा करावं लागेल. म्हणून पुलावरच ठरवून टाकलं, बरा होईपर्यंत त्यांना कळू द्यायचं नाही. बरा झालो नाही तर काय, याचा विचारच केला नाही. गणिताच्या मास्तराची ही अक्कल!

खुर्च्या

पहिलं औषध दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात होतं. सकाळी पहिली बस, मग नंबराचा कागद, मग रक्त, मग पुन्हा नंबर, मग एका ओळीत मांडलेल्या खुर्च्यांपैकी एक. हाताला सुई लावली की चार-पाच तास तिथेच. शेजारचा काय बोलेल या भीतीने पहिल्यांदा मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. तिसऱ्या खेपेपर्यंत ते धरायचीही ताकद उरली नाही.

तिथे एक मावशी होत्या. फरशी पुसायच्या आणि जाता जाता सगळ्यांना सल्ले द्यायच्या. "तोंडात बर्फ धरा, मास्तर. आणि घरी गेल्यावर फोडणी करू देऊ नका." हे कुठल्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून नलिनीने माझ्या औषधाच्या आठवड्यात फोडणी शेजारच्यांच्या गॅसवर करून आणली. एवढ्या एका गोष्टीने मला जो आराम मिळाला, त्याबद्दल त्या मावशींचे उपकार फिटायचे नाहीत.

उलट्यांबद्दल सगळे विचारतात. उलट्या होतात आणि थांबतात. थकवा थांबत नाही. चपला पायात घालायच्या आधी मला खाली बसून थोडा वेळ काढावा लागायचा. झोपून उठलं की झोपल्यामुळे दमायला व्हायचं. कोणी "आराम करा" म्हटलं की चीड यायची. आराम करकरून तर दमलो होतो.

न्हावी

भाऊबीज झाली आणि केस उशीवर दिसायला लागले. मग आंघोळीच्या बादलीत, मग ताटात. एका सकाळी चहा पिताना मिशीचे चार केस कपात पडले. माझी मिशी चांगली जाड होती. मुलं तिच्यावरून माझी नक्कल करायची. तो कप तसाच ठेवून मी खालच्या सलूनमध्ये गेलो आणि म्हणालो, "सगळं काढ."

"मिशीपण, सर?"

"मिशीपण."

न्हाव्याने टेपवरचं गाणं बंद केलं आणि एक शब्द न बोलता माझं डोकं केलं. मला वाटलं, याला आजाराचं कळलं असणार. किती समजूतदार माणूस! त्याला काय वाटलं होतं ते मला शाळा उघडल्यावर समजलं.

नुसतं डोकं केलं असतं तर लोक म्हणाले असते, मांडवकर सर तिरुपतीला जाऊन आले, लाडू कुठे आहे? पण आपल्याकडे डोक्याबरोबर मिशीही गेली की त्याचा अर्थ एकच, बाप गेला. त्यात मी आलो होतो तीन आठवड्यांच्या सुट्टीनंतर. म्हणजे दहावा, तेरावा सगळं सुट्टीत उरकलं असणार, असा हिशेब स्टाफरूमने माझ्याही आधी मांडून ठेवला.

एकही वाक्य खोटं नाही

मुख्याध्यापिका बाईंनी मला पाहिलं आणि त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "कधी झालं, मांडवकर? काही कळवलं नाहीत."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण आदल्या वर्षी आमच्या एका बाईंना टीबी झाला होता. पूर्ण बऱ्या होऊन आल्या तरी पालकांनी अर्ज दिला आणि त्यांना ग्रंथालयात बसवलं. माझ्याकडे दहावीचा वर्ग होता. तो गेला असता तर मी घरी बसलो असतो, आणि मुलगा घरी का बसलाय हे अप्पांना कळायला किती वेळ लागणार? मी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. बाईंना तेवढं पुरलं.

तिसऱ्या दिवशी शाळेतल्या तीन शिक्षिका आणि चित्रकलेचे सर घरी भेटायला आले. नलिनी त्यांना पाणी देऊन जी स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही.

"वय काय होतं?"

"पंच्याहत्तर."

"काही होत होतं का?"

"नाही, तसं काही नाही."

"म्हणजे झोपूनबिपून राहावं लागलं नाही. भाग्य लागतं हो."

मी एकही वाक्य खोटं बोललो नव्हतो. जायच्या वेळी ते रीतीप्रमाणे "येतो" न म्हणता उठून गेले. दार लागल्याबरोबर नलिनी बाहेर आली. तिने पलंगावरची चादर ओढून काढली, ती भिजत टाकली, देवापुढे दिवा लावला आणि मग माझ्याकडे वळली.

"जिवंत माणसाचं सुतक धरून बसलात तुम्ही. तुमचं औषध मी करते, उलट्या काढते, सगळं करते. पण हे मला नाही जमणार. सांगून टाका सगळ्यांना. नाहीतर मी सांगते."

"परीक्षा होऊ दे," मी म्हणालो.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. आमच्या लग्नाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती, आणि एवढी ती कधी चिडली नव्हती. मला तिची बाजू कळत होती. पण भांडायलाही अंगात जीव लागतो.

त्यानंतरच्या सोमवारी प्रार्थनेनंतर बाईंनी माईकवरून सांगितलं की मांडवकर सरांच्या वडिलांना आपण श्रद्धांजली वाहू या. अख्खी शाळा दोन मिनिटं उभी राहिली. मीही उभा राहिलो. त्याच संध्याकाळी बाजारात दिवाळे गावातून मासळी विकायला येणारी रोहिदासची आई भेटली. रोहिदास माझ्या दहावीच्या वर्गात होता. तिने पाटीतून हाताला येतील तेवढे बोंबील उचलून माझ्या पिशवीत टाकले.

"मास्तर, बापूस गेला तुमचा, नं आमाला सांगलं पन नाय? इतके दिस मावरा खाल्ला नसंल तुमी. घ्या. आता चालतं."

तो वास मला त्या दिवसांत सोसत नव्हता. तरी मी थांबलो आणि आभार मानले. अप्पांना बोंबील फार आवडतात.

भुवया

पकडलं ते मुकादम सरांनी. ते विज्ञान शिकवतात, उरणकडचे. एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये दोघंच होतो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"सर, एक विचारू का? बाप गेला की तुमच्यात डोकं करतात, मिशी काढतात, हे मी लहानपणापासून बघतो. पण भुवया कोण काढतं?"

माझा हात भुवयांवर गेला. आरशात बघणं मी सोडून दिलं होतं. भुवया गेल्या होत्या हे मला खरंच माहीत नव्हतं. वडील गावी ठणठणीत आहेत, एवढं मी त्यांना सांगून टाकलं.

"माझ्या फुफीचं, आत्याचं, याच औषधांनी असं झालं होतं," ते हळूच म्हणाले. "टेन्शन नका घेऊ, मी कुणाला बोलत नाही. पाचवा पिरियड तुमचा मी घेत जातो, तेव्हा तुम्ही लॅबमध्ये जाऊन पडा. पण सांगून टाका, सर. मेलेल्या माणसाबद्दलचं खोटं टिकतं. तुमचे वालिद तर चालतेबोलते आहेत."

लॅबमधल्या लाकडी बाकावर रोज पस्तीस मिनिटं डोळे मिटून पडणं, ही त्या महिन्यातली माझी सगळ्यात मोठी चैन होती. सांगायचं मात्र मी पुढेच ढकलत राहिलो. थकलेला माणूस सगळंच पुढे ढकलतो. खोटं चालू ठेवायला काही करावं लागत नव्हतं, आणि खरं सांगायला बोलावं लागलं असतं.

कायमचा पत्ता

आमच्या शाळेची एक पद्धत आहे. कोणाच्या घरी दुःखद घटना घडली की शिक्षक सभेत शोकप्रस्ताव मांडतात, आणि त्याची प्रत शाळेच्या छापील कागदावर, सहीशिक्क्यासह, त्या कुटुंबाला पाठवतात. कारकुनाने पद्धतीप्रमाणे माझं सेवापुस्तक उघडलं. त्यात कायमचा पत्ता गावचा.

तिसरं औषध होऊन दोनच दिवस झाले होते. शनिवारची सकाळ. शाळेला दांडी मारून मी बादली जवळ घेऊन पडलो होतो. बेल वाजली. नलिनीने दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली.

"घाबरू नको गो," बाहेरून आवाज आला. "मीच आहे. भूत असतो तर जिना चढताना दम लागला नसता."

अप्पा आत आले. एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात लांबट लिफाफा. लिफाफा त्यांनी माझ्या अंगावर टाकला.

"मी वारलो म्हणून तुझ्या शाळेने पत्र धाडलंय. पोस्टमनने माझ्याच हातात दिलंन. चष्मा जवळ नव्हता, म्हटलं वाच बाबा तूच. 'ईश्वर मृताच्या आत्म्यास' पर्यंत वाचलंन आणि थांबला. म्हणाला, अप्पा, आयुष्य वाढलं तुमचं. त्याला चहा पाजला आणि रात्रीची गाडी धरली."

मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. हसताना खोकला आला, खोकताना अंगावरची चादर घसरली आणि अप्पांनी मला नीट पाहिलं.

"मी तर आहे," ते म्हणाले. "मग हे डोकं कोणासाठी केलंस, बाबू?"

मी सांगितलं. तीन वाक्यांत संपलं. ज्याच्यासाठी महिनाभर शाळेला, न्हाव्याला, बोंबील देणाऱ्या बाईला फसवलं, ते तीन वाक्यांत संपलं.

अप्पा खुर्चीवर बसले. मग विचारलं, "किती राहिलीत औषधं?"

"तीन."

ते उठून पाणी प्यायला आत गेले. आत नलिनीचं रडणं ऐकू आलं. माझ्यासमोर ती तोवर एकदाही रडली नव्हती. अप्पा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, तेही रडले असतील. पण ते रागावले होते.

"मला न सांगून काय वाचवलंस तू माझं?"

"अप्पा, वसंताच्या वेळी..."

"वसंताच्या वेळी मी तीन दिवस त्याच्या उशाशी होतो. पाणी पाजलं, पाय चेपले. ते तीन दिवस आहेत माझ्याकडे. त्यांच्यावर मी इतकी वर्षं काढली. तू तेवढंही ठेवणार नव्हतास. तुझंपण मला असंच पत्र आलं असतं पोस्टाने."

मी त्यांना वाचवत होतो असं समजत होतो, आणि खरं म्हणजे त्यांचा चेहरा बघायला लागू नये म्हणून मी स्वतःला वाचवत होतो. हीच ती चूक. तुमच्या घरी कोणी म्हातारं असेल तर त्यांना सांगा. ते तुमच्यापेक्षा जास्त सोसून बसलेले असतात.

कैलासवासी

सोमवारी अप्पा माझ्याबरोबर शाळेत आले. नको म्हटलं तरी ऐकेनात. बाईंच्या ऑफिसच्या दारात उभे राहून म्हणाले, "नमस्कार. मी कैलासवासी मांडवकर. बसू का?"

बाईंच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मी सगळं सांगितलं. त्या चिडल्या, आणि त्यांचं चुकलं नाही. "अख्खी शाळा उभी केलीत हो माझ्याकडून!" मग म्हणाल्या, "टीबीच्या वेळी मी पालकांपुढे नमले. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुमचा वर्ग तुमच्याकडेच राहील. पण मुलांना तुम्ही स्वतः सांगायचं. आज."

मी वर्गात गेलो आणि फळ्याकडे पाठ करून सांगितलं. कॅन्सर हा शब्दही उच्चारला. मग मागून रोहिदास म्हणाला, "सर, म्हंजे आमी ती दोन मिनटं उगाच हुबे राहिलो?" सगळे हसले, मीही. हसणं थांबल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, परीक्षेपर्यंत तुमी असाल ना?"

"असेन," मी म्हणालो. आतापर्यंत एकही वाक्य खोटं न बोलता सगळ्यांना फसवलं होतं. हे वाक्य खरं आहे की नाही ते मला ठाऊक नव्हतं, पण ते बोलल्यावर बरं वाटलं. मग आम्ही वर्तुळाचं प्रमेय घेतलं.

दोन पालक तक्रार घेऊन आले होते असं नंतर कानावर आलं. बाईंनी त्यांना कसं परत पाठवलं ते मी विचारलं नाही.

उरलेल्या तिन्ही खेपांना अप्पा माझ्याबरोबर आले. आयुष्यभर कंडक्टरकी केलेला माणूस, रांग कशी लावायची ते त्यांना सांगावं लागत नाही. माझी फाइल काखेत धरून ते सगळ्यांत पुढे उभे असत. मी खुर्चीवर सुई लावून पडलो की शेजारी स्टुलावर बसत, फार बोलत नसत. पाचव्या खेपेला मी इतका थकलो होतो की म्हणालो, पुरे झालं, सहावं नको. ते म्हणाले, "बरं." आणि माझे पाय चेपत बसले. तीन आठवड्यांनी मला उठवून तेच घेऊन गेले.

परीक्षा झाल्या. एप्रिलमध्ये डोक्यावर बारीक, मऊ केस आले, लहान मुलासारखे. डॉक्टर म्हणाल्या, आता काही दिसत नाही, पण पाच वर्षं बघत राहायचं. पाच वर्षं हा आकडा ऐकून मला आनंद होण्याऐवजी दमल्यासारखं झालं. ज्यांना असं होईल त्यांनी घाबरू नये. तसं होतं.

अप्पांना आता गाव दिसायला लागलं होतं. आंबे उतरवायचे होते. मी त्यांना गाडीवर बसवायला हायवेपर्यंत गेलो. ऊन होतं, गाडीला उशीर होता, आम्ही दोघं पिशवीच्या दोन बाजूंना उभे होतो. बराच वेळ ते माझ्या डोक्याकडे बघत होते.

"बाबू," ते म्हणाले, "मी जाईन तेव्हा डोकं करू नकोस. माझ्या नावाने तू एकदा केलंयस. लोकांनी मानलंय, शाळा उभी राहिलीय. तेवढं पुरे मला. तुझं हे डोकं नलिनीला पुन्हा बघायला लावू नकोस."

सहा महिन्यांत मी डॉक्टरांना, नर्सना, फरशी पुसणाऱ्या मावशींनासुद्धा एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला होता, मी राहीन ना? सगळे म्हणाले होते, बघू. अप्पांनी न विचारता सांगून टाकलं होतं की आधी ते जाणार आणि मागे मी असणार. मला रस्त्यावरच रडू आलं.

गाडी आली. मी "बरं" म्हणालो आणि त्यांची पिशवी आत चढवली.

अप्पा आता एकोणऐंशीचे आहेत आणि ठणठणीत आहेत. पाच वर्षांतली माझी दीड अजून बाकी आहेत. त्यांना मी "बरं" म्हटलं खरं, पण हे मी ऐकणार नाही. त्यांचं मला सगळं करायचं आहे, रीतीप्रमाणे, आणि माझ्या हातांनी.